वाचकांचे प्रश्न : सुरकुत्यांवरचे पहिले इंजेक्शन घेण्याआधी

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करण्यासाठी जे इंजेक्शन दिले जाते आणि ज्याला बहुतेक जण ‘बोटॉक्स’ या एका कंपनीच्या औषधाच्या नावानेच ओळखतात, त्याविषयीची पत्रे गेले काही महिने साठत होती. त्यांपैकी जी पत्रे पहिल्यांदाच हा उपचार घेऊ पाहणाऱ्यांची आहेत, त्यांतली पाच निवडून या वेळी त्यांनाच उत्तरे देत आहे. पत्रांतील ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून शाळेत शिकवते. माझ्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा उमटल्या आहेत आणि मी अगदी शांतपणे वह्या तपासत असले तरी मुले “बाई, रागावलात का?” असे विचारतात. बराच विचार करून मी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तिला अजून तीन आठवडे आहेत. घरात मी कोणालाच काही सांगितलेले नाही. हे इंजेक्शन म्हणजे विषच असते, असे एका सहकारी बाईंनी सांगितल्यापासून मनात धाकधूक आहे. या तीन आठवड्यांत मी काय तयारी करावी, काय टाळावे आणि डॉक्टरांना काय काय सांगावे?

उत्तर : तुमच्या हाताशी तीन आठवडे आहेत ही चांगली गोष्ट आहे, कारण या उपचारात प्रत्यक्ष सुई टोचायला दहा-पंधरा मिनिटेच लागतात आणि तो नीट पार पडेल की नाही, हे बहुतेक वेळा त्याआधीच्या बोलण्यात ठरून गेलेले असते. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला असे दिसत आले आहे की पहिल्यांदा येणारी व्यक्ती उपाशी यायचे का, कोणते क्रीम लावायचे, असे प्रश्न विचारायची तयारी करून येते. मात्र आपल्याला नेमके काय खुपते आहे, आपल्याला कोणती दुखणी आहेत आणि रोज कोणती औषधे पोटात जातात, हे सांगायची तयारी तिने केलेली नसते. खरी तयारी या दुसऱ्या प्रकारची आहे.

आधी विषाबद्दल बोलू. तुमच्या सहकारी बाईंचे म्हणणे खोटे नाही, अर्धे आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूने तयार केलेले हे एक प्रथिन आहे आणि नीट न टिकवलेल्या अन्नातून ते पोटात गेले तर अंगातले स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो. जर्मनीतील डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या दशकात सॉसेज खाऊन झालेल्या अशा विषबाधांचा बारकाईने अभ्यास केला, आणि सॉसेजसाठी लॅटिनमध्ये असलेल्या ‘बोटुलस’ या शब्दावरूनच पुढे या विषबाधेचे नाव पडले. हेच प्रथिन औषध म्हणून कसे काम करते, ते समजले की भीती बरीच ओसरते. स्नायूने आखडावे हा मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो, तेथून असिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते आणि मग स्नायू आखडतो. हे औषध त्या रसायनाला टोकातून बाहेरच पडू देत नाही. निरोप येतो, पण तो पुढे नेणारा दारातच अडतो. काही आठवड्यांनंतर मज्जातंतू ही व्यवस्था हळूहळू पुन्हा उभी करू लागतो आणि स्नायू पूर्वीसारखा हलू लागतो. म्हणूनच या इंजेक्शनाचा परिणाम साधारण तीन ते चार महिनेच टिकतो आणि आवडला तरी, न आवडला तरी, ओसरतोच.

हे औषध मुळात सौंदर्यासाठी शोधलेले नाही, हेही तुम्हाला माहीत असावे असे वाटते. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून १९८० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप या विकारांसाठी त्याला मान्यता दिली. त्याआधी, १९८७ च्या सुमारास, कॅनडातील व्हँकुव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स पापण्यांच्या याच विकारासाठी हे इंजेक्शन देत असताना, भुवयांमधल्या रेघाही त्याने पुसट होतात, ही गोष्ट त्यांच्या एका रुग्ण बाईंमुळे त्यांच्या ध्यानात आली. जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून या उपयोगावर काम केले, १९९२ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये नेमक्या तुमच्या तक्रारीसाठी, म्हणजे भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी, अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. बोटॉक्स या नावाच्या औषधाची त्या जागेची ठरलेली मात्रा २० युनिट असून ती पाच ठिकाणी विभागून दिली जाते. विष की औषध हा निवाडा येथे मात्रेवर आणि देणाऱ्या हातावर होतो, म्हणून तुमची धाकधूक विषाकडून काढून या दोन गोष्टींकडे वळवा.

आता घरच्या तयारीकडे येते. एखाद्या सकाळी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आरसा घेऊन बसा. चेहरा पूर्ण सैल सोडा, दात एकमेकांवर दाबू नका, आणि भुवयांमधली जागा पाहा. त्यानंतर ऊन डोळ्यांवर आल्यावर आपण जशा आठ्या घालतो तशा मुद्दाम घाला आणि पुन्हा सैल सोडा. आठ्या घातल्यावरच उमटणारी आणि सोडल्यावर विरून जाणारी रेघ ही स्नायूची रेघ असते. या इंजेक्शनाने ती चांगली कमी होते. चेहरा सैल असतानाही कागदाच्या घडीसारखी दिसत राहणारी रेघ मात्र त्वचेतच रुतलेली असते. स्नायू शांत झाल्यावर तीही उथळ होते, पण एकाच वेळी पूर्ण पुसली जाईल असे नाही, आणि कोणी तशी खात्री देत असेल तर ती खात्री धरून चालू नका. गालावरून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या रेघा किंवा सैल पडलेली त्वचा यांचे कारण बहुतांशी वेगळे असते. तेथे हे इंजेक्शन सहसा उपयोगाचे नाही आणि भर घालणारे फिलर हा पूर्णपणे वेगळा उपचार आहे. तुम्ही पाहिलेले एका वाक्यात लिहून ठेवा. “मला तरुण दिसायचे आहे” हे वाक्य ऐकून डॉक्टरांना काय करावे ते कळत नाही. “मी रागावलेली नसताना मला रागावलेली दिसायचे नाही” हे वाक्य ऐकून लगेच कळते. तुमच्या पत्रात ते वाक्य आधीच आहे, तेवढेच घेऊन जा.

दुसरी यादी दुखण्यांची आणि औषधांची करा, आणि ती पाठ न करता कागदावर लिहा, कारण तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत. मायस्थेनिया ग्रेव्हिस, लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम किंवा एएलएस यांसारखा मज्जातंतूंचा किंवा स्नायूंचा विकार तुम्हाला असेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण येत असेल, पापण्या संध्याकाळपर्यंत जड होऊन खाली येत असतील, तर ते सर्वांत आधी सांगा. अशा व्यक्तींमध्ये थोड्या मात्रेचाही परिणाम प्रमाणाबाहेर होऊ शकतो. चेहऱ्याची एक बाजू पूर्वी कधी लुळी पडली होती का, डोळ्यांची किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का, डोळे कोरडे पडतात का, अर्धशिशीसाठी किंवा अन्य कारणासाठी हेच औषध पूर्वी घेतले आहे का, हेही त्यात यावे. औषधांपैकी जेंटामायसिन किंवा अमिकासिन या जातीची अँटिबायोटिक्स आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या या इंजेक्शनाचा परिणाम वाढवू शकतात, म्हणून अलीकडे घेतलेल्या अशा औषधांचा उल्लेख गाळू नका. अ‍ॅलर्जीबद्दल बोलताना गाईच्या दुधातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा, कारण डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या अशाच औषधात त्या प्रथिनाचा अंश असू शकतो आणि अशा व्यक्तीला ते देत नाहीत. हा तपशील पुष्कळांना अनपेक्षित वाटतो, म्हणून मुद्दाम लिहिला.

घरच्यांना सांगायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काहीही नाही. डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नका. चेहऱ्यावर पूर्वी कोठे काही करून घेतलेले असते आणि सांगायला संकोच वाटतो म्हणून व्यक्ती गप्प राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे. तो संकोच मला कळतो, पण त्या गप्प राहण्याने मात्रेचा अंदाज चुकतो आणि त्याचा त्रास तिलाच होतो.

वेळेच्या आधीच्या आठवड्यात टाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काळानिळा डाग पडू नये यासाठी आहेत. डॉक्टरांनी लिहून न देता आपणच अंगदुखीसाठी घेतो ती अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, तसेच माशाच्या तेलाच्या, ई जीवनसत्त्वाच्या, जिन्को या वनस्पतीच्या आणि लसणाच्या गोळ्या हे सर्व रक्त गोठण्याच्या क्रियेत थोडी ढवळाढवळ करू शकतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून ते आठवडाभर बंद ठेवा. डोके दुखलेच तर पॅरासिटामॉल चालते. आदल्या दिवसापासून मद्य घेऊ नका. टोचायच्या जागी पुळी, जखम किंवा संसर्ग असेल, किंवा ताप असेल, तर फोन करून वेळ पुढे ढकलून घ्या. त्यात संकोच नको.

त्या दिवशी थोडे खाऊन जा, कारण उपाशी पोटी सुई पाहून घेरी येणारे लोक कमी नाहीत. चेहरा धुतलेला असावा, मेकअप नसावा. तुम्हाला पाठ टेकवून बसवतील आणि आधी स्वच्छ चेहऱ्याची छायाचित्रे काढतील. ही छायाचित्रे अवश्य काढून घ्या, कारण दोन आठवड्यांनी आपला जुना चेहरा आपल्यालाच आठवत नाही. मग डॉक्टर तुम्हाला आठ्या घालायला, भुवया उंचवायला, डोळे घट्ट मिटायला सांगतील. हे करताना लाजून अर्धवट आठ्या घालू नका. स्नायू नेमका कोठे फुगतो ते बोटाखाली चाचपून पेन्सिलीने ठिपके काढले जातात, आणि तुम्ही आखडती आठी घातली तर ठिपकाही आखडत्या जागी पडतो. सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, औषध आत जाताना क्षणभर चुरचुरते, आणि कपाळाच्या हाडाजवळ असल्यामुळे काही जणांना आतल्या आत बारीक करकर ऐकू येते. ती ऐकून दचकू नका, काही तुटलेले नसते. प्रत्येक ठिकाणी डास चावल्यासारखा लहानसा फुगवटा येतो आणि साधारण अर्ध्या तासात उतरतो. दुखण्याची फार भीती असेल तर आधी बर्फ लावून घेता येतो किंवा त्वचा बधिर करणारे मलम मागता येते.

त्यानंतर चार तास आडवे होऊ नका, टोचलेली जागा चोळू नका, कपाळ आवळणारी घट्ट पट्टी बांधू नका आणि त्या दिवशी दमवणारा व्यायाम करू नका. चेहऱ्याचा मसाज व फेशियल काही दिवस दूर ठेवलेले बरे. पहिले दोन-तीन दिवस आरशात काहीच बदललेले दिसणार नाही आणि आपण फसलो असे वाटेल. परिणाम दोन-तीन दिवसांपासून जाणवू लागतो आणि पूर्ण व्हायला सुमारे १४ दिवस लागतात. या काळात एक भुवई आधी शांत होईल, दुसरी मागाहून, आणि चेहरा किंचित वाकडा वाटेल. म्हणून १४ दिवस होईपर्यंत ना समाधान पक्के धरा ना तक्रार. दोन आठवड्यांनंतरची तपासणी पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

माझा स्वतःचा आग्रह असा आहे की पहिल्या वेळी हात राखून मात्रा घ्यावी. कमी पडली तर दोन आठवड्यांनी थोडी वाढवता येते; जास्त झाली तर मात्र ती काढून घेण्याचा मार्ग नाही, महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. शिकवणाऱ्या माणसाला तर चेहरा लागतो, वर्गात न बोलता पुष्कळसे काम भुवयाच करतात, आणि तुम्ही हे डॉक्टरांना सांगितलेत तर ते स्नायू पूर्ण न थोपवता सैल करण्याइतकीच मात्रा ठरवू शकतील.

टोचल्यानंतर हलके डोके दुखणे किंवा एखादा डाग पडणे हे नेहमीचे आहे. मात्र काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, अंगभर अशक्तपणा आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि हे इंजेक्शन घेतल्याचे तेथे पहिल्या वाक्यात सांगा. असे क्वचितच घडते, पण घडले तर वेळ घालवून चालत नाही.

प्रश्न : माझे वय ६३. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला असून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू आहेत. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घ्यायचे ठरवले आहे. डाग पडू नये म्हणून आठवडाभर गोळ्या थांबवल्या तर चालेल ना?

उत्तर : नाही. त्या गोळ्या तुमच्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून आहेत आणि त्या थांबवायच्या की नाही, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांखेरीज कोणीही ठरवू नये. मी नाही, इंजेक्शन देणाऱ्यांनी नाही आणि तुम्हीही नाही. डोळ्याजवळचा काळानिळा डाग आठ-दहा दिवसांत जातो. गुठळीचे तसे नसते. पुष्कळदा गोळ्या चालू ठेवूनच हे इंजेक्शन देता येते: सुई बारीक वापरतात, टोचल्यावर प्रत्येक जागा चोळल्याविना काही मिनिटे दाबून धरतात, आणि दिसणाऱ्या शिरा टाळतात. तुम्ही गोळ्यांची नावे लिहून न्या, डाग पडण्याची शक्यता तुमच्या बाबतीत जास्त आहे हे मनाशी धरून चला, आणि हृदयरोगतज्ज्ञांना एकदा फोनवर कल्पना द्या. पत्रातले “चालेल ना?” हे दोन शब्द वाचून मी तुमचे पत्र ढिगातून वर काढले, कारण गोळ्या आधीच थांबवल्या असतील तर अंक छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, तुम्हाला वेगळे कळवले आहेच.

प्रश्न : माझे बाळ पाच महिन्यांचे आहे आणि मी त्याला अंगावर पाजते. औषध चेहऱ्यातच राहते असे ऐकले. आत्ता इंजेक्शन घ्यावे का?

उत्तर : थांबावे. ठरलेल्या मात्रेत दिलेले औषध बहुतांशी टोचलेल्या जागीच काम करते हे खरे असले, तरी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर त्याचे पुरेसे अभ्यास झालेले नाहीत, आणि ज्या उपचाराची तातडी काहीच नाही त्यासाठी बाळाच्या बाबतीत अंदाजावर चालण्याचे कारण नाही. दूध सुटल्यावर या. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर तोही आधी सांगा. तोवर उन्हापासून जपणे आणि सनस्क्रीन नियमाने लावणे एवढे चालू ठेवा. रात्री लावायची रेटिनॉइड जातीची मलमे मात्र या काळात विचारल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : मी ५८ वर्षांची आहे. माझ्या कपाळावर आडव्या आठ्या खोल आहेत. माझ्या बहिणीने गेल्या वर्षी कपाळावर इंजेक्शन घेतले, तेव्हा दोन महिने तिचे डोळे जड राहिले, वाचताना मान मागे करून पाहावे लागे. तेथे तिला याची कोणी आधी कल्पना दिली नव्हती. माझ्या पापण्या तिच्यासारख्याच आहेत. मी हा उपचार घ्यावा की नाही?

उत्तर : तुमच्या बहिणींना आधी सांगितले जायला हवे होते, आणि तुमचा सावधपणा अगदी रास्त आहे. कपाळाच्या आठ्या ज्या स्नायूमुळे पडतात त्याचे खरे काम भुवया उचलून धरण्याचे आहे. वय वाढते तशी वरच्या पापणीची त्वचा सैल होऊन डोळ्यावर ओघळते, आणि नीट दिसावे म्हणून माणूस नकळत दिवसभर भुवया वर ओढून धरतो. कपाळावरच्या आठ्या ही त्या ओढीची खूण असते. तो स्नायू सैल केला की आठ्या जातात, पण भुवयांचा आधारही जातो, आणि सगळा भार पापण्यांवर येतो. तुमच्या बहिणींचे बहुधा असेच झाले असावे.

हे घरी पडताळून पाहता येते. आरशासमोर डोळे मिटा, कपाळ सैल होऊ द्या, आणि दोन्ही भुवयांवर बोटे ठेवून त्या वर जाणार नाहीत इतक्या हलक्या दाबाने धरा. आता डोळे उघडा आणि समोर वर्तमानपत्र धरून पाहा. पापण्या जड वाटल्या, वरचा भाग झाकल्यासारखा दिसला, तर इंजेक्शनानंतर तुम्हाला साधारण तसेच वाटेल. एका बाईंनी माझ्यासमोर हे करून पाहिले तेव्हा त्यांच्या भुवया बोटांखालून वर निसटायला धडपडत होत्या, इतकी त्यांना त्या आधाराची सवय होती. त्यांना मी कपाळाचे इंजेक्शन दिले नाही.

तुमच्या बाबतीत असेच आढळले तर कपाळ सोडून द्यावे, किंवा फक्त वरच्या भागात अगदी थोडी मात्रा घ्यावी, असे मी म्हणेन, आणि पापण्यांसाठी नेत्रतज्ज्ञांचा किंवा प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्या. दुखणे पापणीचे असेल तर कपाळावर उपाय करून भागत नाही. पापण्या ठीक असतील आणि उपचार घ्यायचाच असेल, तर कपाळासोबत भुवयांमधल्या स्नायूंनाही औषध दिले जाईल का, असे विचारा. भुवया खाली ओढणारे स्नायू मोकळे ठेवून वर ओढणारा तेवढा सैल केला तर भुवया खाली येतात. २०१७ मध्ये कपाळाच्या आठ्यांसाठी बोटॉक्सला अमेरिकेत मान्यता मिळाली तीही भुवयांमधल्या मात्रेसह, म्हणजे दोन्हीकडे २०-२० युनिट, अशीच आहे. ती पूर्ण मात्रा तुम्हाला लागेलच असे मात्र नाही.

याहून वेगळा प्रकार म्हणजे औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपून एकच पापणी खाली येणे. भुवयांमधल्या रेघांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत १०० पैकी सुमारे ३ जणांना हा त्रास झाला होता. तो काही आठवड्यांत जातो आणि तोवर डोळ्यांत घालायचे थेंब देऊन थोडा आराम पाडता येतो. याची कल्पना डॉक्टरांनी तुम्हाला संमतिपत्रावर सही घेण्याआधी द्यायला हवी; संमतिपत्र घरी नेऊन वाचायला मागा.

प्रश्न : पाच दिवसांनी माझ्या कार्यालयाचा मोठा समारंभ आहे. ओळखीतल्या एका बाईंच्या घरी परवा आठ-दहा जणी एकत्र येऊन इंजेक्शने घेणार आहेत. देणारी व्यक्ती डॉक्टर नाही, पण प्रशिक्षण घेतलेली आहे, असे सांगतात. बाहेरपेक्षा बरेच स्वस्त पडते. मी पहिल्यांदाच घेत आहे. जावे का?

उत्तर : जाऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे. समारंभाचे कारण तर सरळच आहे. पाच दिवसांत परिणाम पूर्ण होत नाही, तो अर्धवट आणि कदाचित एका बाजूला अधिक असा दिसेल, आणि डाग पडलाच तर तो नेमका त्या दिवशी ठळक असेल. कोणत्याही महत्त्वाच्या दिवसाआधी किमान तीन-चार आठवडे हातात हवेत, म्हणजे दोन आठवड्यांनी तपासणी होऊन काही कमी-जास्त करायचे तर तेही बसेल.

खरी काळजी मला त्या घराची वाटते. न उघडलेली कुपी बहुतेक कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आत कोरडी, जेमतेम दिसेल अशी पूड असते आणि ती निर्जंतुक सलाईनमध्ये विरघळवून घेतात. किती सलाईन घातले यावर प्रत्येक थेंबात किती औषध आहे हे ठरते. दिवाणखान्यात भरलेल्या सिरिंज समोर आल्या तर त्यात काय आहे, किती आहे आणि केव्हा विरघळवले आहे, हे तुम्हाला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे सारखी नसतात. भुवयांमधल्या ज्या रेघांना बोटॉक्सची २० युनिटे लागतात त्यांना डिस्पोर्टची ५० लागतात, म्हणून “इतकी युनिटे इतक्या पैशांत” हा हिशेब औषधाचे नाव कळल्याशिवाय अर्थहीन आहे. बनावट औषधाचा धोका तर सर्वांत मोठा. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा अयोग्य प्रकारे हाताळलेली इंजेक्शने घेतल्यावर अनेक जणी आजारी पडल्या, काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले; त्यांतल्या बऱ्याच जणींना ती दवाखान्याबाहेर किंवा परवाना नसलेल्या व्यक्तीकडून मिळाली होती.

घेरी आली, अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आली किंवा आठवड्याने पापणी खाली आली, तर त्या घरी कोणाला हाक मारणार, हा प्रश्न त्या बाईंना अवश्य विचारून पाहा. आठ-दहा जणी ओळीने बसल्या असताना कोणी आपल्या दुखण्यांची यादी मोकळेपणाने वाचून दाखवणार नाही, आणि तुमची भुवई उचलून पाहायला कोणाकडे वेळही नसेल.

समारंभ तुमच्या आजच्या चेहऱ्यानेच होऊ द्या. तो झाल्यावर नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञांना किंवा प्लास्टिक सर्जनना फोन करा आणि वेळ घेण्याआधी एवढे विचारून घ्या: इंजेक्शन स्वतः डॉक्टर देतील की आणखी कोणी, औषधाचे नाव काय, कुपी माझ्यासमोर उघडली जाईल का, तिच्यावरचा बॅच क्रमांक व मुदतीची तारीख माझ्या कागदांत लिहून मिळेल का, आणि दोन आठवड्यांनंतरच्या तपासणीला तेच डॉक्टर भेटतील का. यांतल्या एखाद्या प्रश्नावर पलीकडून चिडका किंवा गोलमाल आवाज आला, तर फोन ठेवून दुसरा क्रमांक लावा.